कपड्याचा व्हिडिओ : रंग खरा दिसला तरच सौदा टिकतो

सन २०२१ ची गोष्ट आहे. आमच्या गावातील एका कुटुंबात लग्न होते. निम्मे नातेवाईक कुवेतला, काही मुंबईला. वऱ्हाडातील बायकांसाठी एकाच रंगाचे चाळीस ड्रेसपीस हवे होते. लॉकडाऊनच्या दिवसांत दुकानात येणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून मी दुकानात कपड्याचा व्हिडिओ काढून पाठवला. सर्वांना रंग पसंत पडला. पैसेही आले. माल पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्या घरच्या सुनेचा फोन आला, "चाचा, तुम्ही दाखवलेला रंग विटकरी होता. हा तर डाळिंबी आहे."

तिचे म्हणणे खरे होते. तागा डाळिंबीच होता, पण दुकानातील पिवळ्या बल्बखाली व्हिडिओत तो विटकरी झाला होता. चाळीसपैकी पाच पीस शिवायला गेले होते. त्यांचे पैसे मी सोडले आणि पस्तीस पीस परत घेतले. ते पुढे दोन वर्षे एकेक करून विकले. जाण्यायेण्याचे भाडे गेले ते वेगळेच. पण खरे दुःख पैशाचे नव्हते. आमच्या वडिलांनी उभ्या हयातीत गिऱ्हाइकाला ऐब लपवून माल दिला नाही, आणि मी लपवायचे मनात नसतानाही चुकीचा माल दाखवून बसलो होतो. कॅमेरा खोटे बोलला, जबान मात्र माझी गेली.

त्यानंतर मी हा विषय शिकायला घेतला. उर्दू माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्याला कॅमेऱ्याच्या मेनूतील इंग्रजी शब्द लावून घ्यायला पुतण्याची मदत लागली, पण काम अवघड नाही. आपल्या किनाऱ्यावर मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन, बोर्ली पंचतन भागात कापड, तयार कपडे, भरतकाम, बुरखे यांचा धंदा करणारे पुष्कळ बांधव आता व्हिडिओवर माल दाखवतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या वर्षी ज्यांनी हा मार्ग धरला, त्यांनी तो पुढे सोडला नाही. तेव्हा मी ठेच खाऊन जे शिकलो ते येथे देत आहे.

कॅसेटचा जमाना

आपल्या भागाला व्हिडिओ नवा नाही. आखातात माणसे गेली तशी १९८० नंतर लग्नाच्या कॅसेटची पद्धत सुरू झाली. मुलगा दुबईला, बहिणीचा निकाह गावात, सुटी मिळत नाही. मग शूटिंगवाला खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेऊन येई, सोबत एक पोऱ्या डोळे दिपवणारा हॅलोजन धरून चाले, आणि तयार कॅसेट कोणा जाणाऱ्याच्या बॅगेतून पाठवली जाई. दुबई-कुवेतला आपल्यासारखीच पाल पद्धत असल्याने तेथे ती चाले. अमेरिकेत मात्र एनटीएससी पद्धत असल्याने तीच कॅसेट साध्या व्हीसीआरवर दिसत नसे.

त्या काळी संकलन म्हणजे दोन व्हीसीआर एकमेकांना जोडायचे, एकावर चालवायचे आणि दुसऱ्यावर उतरवायचे. प्रत्येक वेळी नक्कल काढली की चित्र थोडे फिके आणि धूसर होई. नकलेची नक्कल पाहणाऱ्याला नवरीचा जोडा लाल होता की गुलाबी हे सांगता येत नसे. पुढे १९९५ मध्ये डीव्ही कॅसेट आली आणि चित्र आकड्यांत साठवले जाऊ लागले. मग ते कितीही वेळा उतरवा, खराब होत नाही. तासाभराच्या डीव्ही चित्रणाला संगणकात सुमारे तेरा जीबी जागा लागे, म्हणून सुरुवातीला ते छोट्या दुकानदाराच्या आवाक्याबाहेर होते. आज फोनचे चित्रही आकड्यांतच साठते. तरीही चित्र खराब होते, त्याची कारणे मात्र वेगळी आहेत.

मालेगावचा धडा

काही बांधव म्हणतात, आमच्याकडे भारी कॅमेरा नाही. त्यांनी मालेगावकडे पाहावे. ते आपल्याच व्यवसायाचे, यंत्रमागाचे गाव. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, गावातील माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेरा पुढे सरकवायला ट्रॉलीऐवजी सायकल आणि क्रेनऐवजी बैलगाडी वापरण्याची त्यांची रीत होती. 'मालेगाव का सुपरमॅन' करताना हिरव्या पडद्यासमोर नटाला उभे करून संगणकावर त्याला आकाशात उडवले. त्या चित्रणावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट काढला, तो जगभर पाहिला गेला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपटही आला.

माणसाला आपले साधन पुरते ठाऊक असले की साध्या साधनातून काम निघते, एवढ्यासाठी ही हकिकत सांगितली. मात्र त्यांच्या आणि आपल्या कामात एक मोठा फरक आहे. त्यांना खोटे खऱ्यासारखे दाखवायचे होते. आपल्याला खरे आहे तेच दाखवायचे आहे, आणि माझ्या अनुभवाने हे दुसरे काम जास्त कठीण आहे.

पांढरा रंग कॅमेऱ्याला आधी दाखवा

आपला डोळा बल्बखालीसुद्धा पांढरा कागद पांढराच समजतो. कॅमेऱ्याला ती समज नाही. पांढरे काय हे तो अंदाजाने ठरवतो. या सेटिंगला व्हाइट बॅलन्स म्हणतात. ते ऑटोवर असले तर समोर लाल तागा आला की कॅमेरा एक अंदाज करतो, हिरवा आला की दुसरा. एकाच व्हिडिओत पाठीमागच्या भिंतीचा रंग बदलताना दिसला तर समजावे की ऑटो चालू आहे.

उपाय सोपा आहे. ज्या उजेडात कपडा दाखवायचा, त्याच उजेडात पांढरा कागद धरावा आणि कॅमेऱ्यात ते सेटिंग कायम करावे. हॅन्डीकॅममध्ये मॅन्युअल व्हाइट बॅलन्स असते. फोनमध्ये प्रो मोड असेल तर तेथे मिळते. मूल्य केल्विनमध्ये लिहिलेले असते : हॅलोजनच्या पिवळ्या उजेडाला सुमारे ३२००, दिवसाच्या उजेडाला सुमारे ५६००. कागदासाठी फार पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला घेऊ नये. मी मांजरपाटाचा तुकडा घेतला होता, तो पिवळसर असल्याने उलटाच परिणाम झाला.

दोन प्रकारचे उजेड एकत्र येऊ देऊ नयेत. दारातून ऊन, वर ट्यूबलाइट आणि शोकेसमध्ये पिवळे दिवे, अशा ठिकाणी कोणतेही सेटिंग बरोबर बसत नाही. एका बाजूचा कपडा निळसर, दुसऱ्या बाजूचा पिवळट दिसतो. मी आता दुकानातील दिवे बंद करतो आणि घराच्या पडवीत, सकाळी, सावलीत माल मांडतो. कोकणातील पावसाळी ढगाळ दिवस यासाठी फार चांगला. उजेड मऊ आणि सगळीकडे सारखा असतो, फक्त निळसर असतो, म्हणून कागद दाखवणे चुकवू नये. रात्री काम करावेच लागले तर एलईडी घेताना खोक्यावर सीआरआय हा आकडा पाहावा. तो ९० च्या वर असावा. स्वस्त दिव्याखाली लाल रंग मेलेला दिसतो, आणि आपल्याकडे लग्नाचा अर्धा माल लालच असतो.

उजेड कमी-जास्त करण्याचेही तसेच आहे. कॅमेऱ्याला वाटते की जगातील प्रत्येक वस्तू मध्यम उजळ आहे. म्हणून काळा बुरखा समोर धरला की तो त्याला राखाडी करतो आणि पांढरे लखनवी काम धरले की तेही राखाडी करतो. काळ्या कपड्याला एक्स्पोजर थोडे खाली, पांढऱ्याला थोडे वर न्यावे आणि तेथेच लॉक करावे. गडद लाल आणि राणी रंगाला थोडे खालीच ठेवलेले बरे, नाहीतर रंग एवढा भडकतो की पोत दिसतच नाही, नुसता सपाट पत्रा दिसतो.

पट्टे आणि चौकडी

आपल्या देशात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते, आणि चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की पट्टे जातात. चित्रण सेकंदाला २५ फ्रेमवर करावे, ही जुन्या पाल पद्धतीचीच गती आहे. पुष्कळ फोन ३० वर लावलेले येतात. त्यावरही शटर १/५० ठेवता आले तर काम भागते. जुन्या हॅन्डीकॅमवर ५० आय असे लिहिलेले असते. त्यात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत येते आणि संगणकावर हलत्या कपड्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. कॅमेऱ्यात २५ पी असेल तर ते निवडावे. नसेल तर संकलनाच्या वेळी डीइंटरलेस ही क्रिया करून घ्यावी.

लुंगीची बारीक चौकडी किंवा शर्टिंगचे बारीक पट्टे व्हिडिओत पाण्यासारखे लहरताना दिसतात. तो कपड्याचा दोष नसतो, पण गिऱ्हाइकाला तसे वाटते. कॅमेरा थोडा पुढे-मागे करावा म्हणजे लहर जाते. डिजिटल झूम मात्र कधीही वापरू नये. पोत दाखवायचा तर स्वतः पुढे जावे.

हात स्थिर का हवा

ही गोष्ट मला सर्वांत उशिरा समजली. व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान केला जातो. त्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण न पाठवता आधीच्या फ्रेममध्ये काय बदलले तेवढेच पाठवतात. आखाताला जाणाऱ्याच्या बॅगेला वजनाचे बंधन असते, तसेच हे आहे. हात हलला की सगळे चित्र बदलले असे धरले जाते आणि ठरलेले वजन त्या हलण्यातच खर्ची पडते. मग जरीच्या धाग्यासाठी काही उरत नाही आणि चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. अंधारात चित्रावर जे दाणे येतात तेही असेच वजन खातात, कारण ते प्रत्येक फ्रेमला बदलतात. म्हणून तिपाई आणि भरपूर उजेड हवा, आणि कपडा हळू उलगडावा. पंखाही बंद ठेवावा. कपडा फडफडत नाही आणि आवाजही स्वच्छ येतो.

आवाजासाठी कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक पुरतो. समुद्राकडच्या वाऱ्याला त्यावर स्पंजची टोपी हवीच. रेकॉर्डिंगचा काटा लाल भागात जाऊ देऊ नये.

संकलनात हात आखडता घ्यावा

पोरांना येथे फार उत्साह असतो. माझ्या पुतण्याने पहिल्या व्हिडिओत पाने उलटणारे परिणाम, चांदण्या आणि सिनेमाचे गाणे घातले होते. गाण्याच्या मालकीहक्कावरून यूट्यूब व्हिडिओ अडवू शकते, आणि चांदण्यांमुळे जरी किती आणि चांदण्या किती हे कळेना. रंग खुलवण्याचे फिल्टर तर अजिबात लावू नयेत. मी त्याला म्हटले, "बेटा, यात रंग वाढला तर परतीचे भाडे तू देणार का?"

आमचा क्रम आता असा आहे. मूळ चित्रण आधी दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवतो. मग सुरुवातीचे आणि शेवटचे हलते तुकडे कापतो. प्रथम पूर्ण कपडा, नंतर काठ, नंतर पोत जवळून, नंतर उलटी बाजू, आणि मालात दोष असेल तर तो बोटाने दाखवून. पट्टीवर पन्हा, मीटर, भाव आणि ताग्याचा नंबर. तयार फाइल १०८० पी, एच.२६४, सेकंदाला ८ मेगाबिट. एका मिनिटाची फाइल साधारण ६० एमबी होते. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर ते पुन्हा दाबते आणि ती जुन्या कॅसेटच्या नकलेची गत होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशाचा तसा जातो.

पाठवण्यापूर्वी तोच व्हिडिओ दोन वेगवेगळ्या फोनवर लावतो आणि तागा शेजारी धरून पाहतो. प्रत्येक कंपनीचा पडदा रंग थोडा वेगळा दाखवतो, म्हणून सौदा मोठा असेल तर बोटभर नमुना टपालाने पाठवतोच. जांभळा रंग कॅमेऱ्यात हमखास निळ्याकडे झुकतो, त्यासाठी मी आजही व्हिडिओवर विश्वास ठेवत नाही.

खर्चाचे म्हणाल तर नवा कॅमेरा शेवटी घ्यावा. आधी तिपाई, मग माइक, मग चांगला एलईडी. आणि जो कॅमेरा आहे तो पावसाळ्यात कपाटात नुसता ठेवू नये. आपल्या खाऱ्या, दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा आणि पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. माझा पहिला हॅन्डीकॅम असाच गेला. आता तो दुकानात गल्ल्याशेजारी पडलेला असतो, गिऱ्हाइकांची मुले त्याच्याशी खेळतात.