आठ सेकंद

हॉकीत वेळ संपून बरोबरी राहिली, की मैदानात दोघीच उरतात. चेंडू तेवीस मीटरच्या रेषेवर, त्यामागे आक्रमक मुलगी. समोर गोलरेषेवर अंगभर फोम बांधलेली गोलरक्षक. शिट्टी होते आणि आठ सेकंद सुरू होतात. तेवढ्यात चेंडू गोलात गेला तर गेला, नाहीतर संधी बुडाली. दोन्ही संघांना अशा पाच-पाच संधी. तरीही कोंडी फुटली नाही, तर मग एकेकीची सडन डेथ.

मुलींच्या ज्युनियर विश्वचषकावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी पुणतांब्यात होतो. गोदावरी, चांगदेवांची समाधी, शिर्डीचा फाटा फुटणारं जंक्शन आणि २०१७ चा शेतकरी संप, एवढ्यावर आमच्या गावाची ओळख संपते. हॉकीचा त्यात कुठेच पत्ता नाही. लिहायचं होतं स्पर्धेवर, पण जुने सामने बघताबघता मी या आठ सेकंदांपाशीच अडकलो.

स्पर्धेचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. एकवीस वर्षांखालच्या मुलींचा हा विश्वचषक १९८९ मध्ये ओटावाला सुरू झाला आणि पहिला मान तेव्हाच्या पश्चिम जर्मनीने घेतला. २००१ आणि २००५ मध्ये दक्षिण कोरियाच्या मुलींनी लागोपाठ बाजी मारली. त्यानंतर मात्र नेदरलँड्सने या चषकाची जवळजवळ जहागिरीच करून टाकली. पूर्वी चार वर्षांनी येणारी स्पर्धा आता दोन वर्षांनी येते आणि २०२५ मध्ये सँतियागोला पहिल्यांदाच चोवीस संघ उतरले. पुढच्या मोठ्या संघाचं बियाणं इथेच तयार होतं. २०१३ च्या भारतीय संघातल्या राणी रामपाल, वंदना कटारिया, नवनीत कौर आणि सुशीला चानू पुढे टोकियो ऑलिंपिकला होत्या. तिथे राणीच्या नेतृत्वाखाली भारत चौथा आला. २०२२ ची ज्युनियर कर्णधार सलीमा टेटे पुढे मोठ्या संघाची कर्णधार झाली.

आता आपल्या मुलींचा हिशेब बघा. २०१३, मोन्शेनग्लाडबाख: कांस्यपदकाच्या सामन्यात इंग्लंडशी १-१, शूटआउटमध्ये ३-२ ने जिंकलो. भारताचं हे या स्पर्धेतलं पहिलं पदक. राणी स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि गोलात झारखंडची बिगन सोय पहाडासारखी उभी राहिली. २०२२, पोचेफस्ट्रूम: पुन्हा कांस्यपदकाचा सामना, पुन्हा इंग्लंड. मुमताज खानच्या दोन गोलांवर २-२, आणि शूटआउटमध्ये ०-३. पदक गेलं. २०२३, सँतियागो: नवव्या क्रमांकासाठी अमेरिकेशी बरोबरी, शूटआउटवर सुटका. डिसेंबर २०२४, मस्कतचा ज्युनियर आशिया चषक: अंतिम सामन्यात चीनशी १-१, शूटआउटमध्ये ३-२. निधी नावाच्या गोलरक्षकाने तीन फटके अडवले आणि भारताने चषक राखला. अकरा वर्षांत निदान चार वेळा या मुलींचं नशीब आठ-आठ सेकंदांच्या तुकड्यांत ठरलं. याला नुसता योगायोग म्हणायला माझं मन तयार नाही. बलाढ्य संघाशी बरोबरी गाठण्याइतकी ताकद आपल्याकडे आली आहे. त्यापुढचं पाऊल मात्र दर वेळी याच उंबऱ्यावर अडतं किंवा पडतं.

त्या आठ सेकंदांत नेमकं काय घडतं? आक्रमक मुलगी पहिल्या तीनेक सेकंदांत डीमध्ये शिरते. डी म्हणजे गोलभोवतीचं १४.६३ मीटर त्रिज्येचं वर्तुळखंड. त्याच्या आतूनच गोल मारता येतो. गोलरक्षक रेषेवर थांबत नाही. ती पुढे धावून कोन कमी करते आणि मग अचानक थबकते. घाई केली तर चेंडू तिच्या बाजूने काढून घेतला जाणार, हे ती जाणून असते. तिला चेंडू हिसकायचाच असतो असं नाही. समोरचीला गोलपासून लांब, कडेला ढकललं की उरलेलं काम घड्याळ करतं. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते. त्यामुळे डावीकडे वळायचं तर स्टिक उलटी करून रिव्हर्सने मारावं लागतं, नाहीतर गोलरक्षकाला पाठ देत स्वतःभोवती गिरकी घ्यावी लागते. त्या गिरकीत एखादा सेकंद जातो. तेवढ्यात गोलरक्षक आडवी पडून लेगगार्डची भिंत करते. मग वरून लॉब करायचा, की पुन्हा एकदा ओढून रिकामी बाजू शोधायची? राणीसारखी मुलगी हे हुकमीपणे करते, कारण विचार करायला वेळच नसतो. हात आधीच शिकलेले असतात.

शिकलेले असतात ते टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. टर्फ गावोगाव नसलं, तरी महाराष्ट्राला मुलींची हॉकी नवी नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणाऱ्या संघाची कर्णधार एलायझा नेल्सन पुण्याची. अलीकडे हा वारसा फलटण तालुक्याने उचलला आहे. आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या शेतकऱ्यांच्या मुली बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या आणि भारताकडून खेळल्या. वैष्णवी २०२३ मध्ये ज्युनियर आशिया चषक जिंकणाऱ्या संघात होती. सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा पिसाळ त्याच वर्षी सँतियागोला गेली. आसूहून बालेवाडी गाठता येते. पुणतांब्याहून दौंडमार्गे गाडीही मिळते. मग आमच्याकडची का नाही?

हेच बघायला गावातल्या एका शाळेच्या मैदानावर फक्कीने तेवीस मीटर आखून घेतले. शाळेचे क्रीडाशिक्षक स्वतः तरुणपणी हॉकी खेळलेले. त्यांनी कपाटातून एक जुनी स्टिक काढली. खो-खोच्या संघातली नववीतली मुलगी पुढे आली. पाय असे की तीन सेकंदांत डी गाठला. पण मुरमावर चेंडू दर हातावर उडी मारत होता आणि तो स्टिकला चिकटून राहीचना. तिने वैतागून लांबूनच हाणला.

“सर, हा ऐकतच नाही,” ती म्हणाली.

“तो कसा ऐकेल? टर्फवर ओढायचा असतो, इथे हाणावाच लागतो,” सर म्हणाले. “आणि गोलरक्षक कोण होणार, ते विचारा. इथे एकदा आडवी पडली की ढोपर सोलून निघतं. दुसऱ्यांदा कोणीच पडत नाही.”

अडचणींची यादी तिथून सुरू झाली आणि संपेना. शूटआउटमध्ये गोलरक्षकाला घसरत यावं लागतं आणि घसरणं ओल्या टर्फवरच जमतं. आंतरराष्ट्रीय मैदान सामन्याआधी हजारो लीटर पाण्याने भिजवतात. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, यावर ऊस आणि माणसं दोन्ही जगतात त्या गावात हे ऐकताना कसंतरीच वाटतं. पाणी न लागणारं टर्फ आणायचं जागतिक संघटनेचं धोरण आहे, पण ते पहिल्यांदा तालुक्याच्या गावात नक्कीच येणार नाही. शिवाय गोलरक्षकाचं सामान: हेल्मेट, चेस्टगार्ड, लेगगार्ड, किकर, दोन्ही हातांचे प्रोटेक्टर. वाढत्या वयाच्या मुलीला दीड-दोन वर्षांत ते आखूड होतं. सगळ्यांत महाग सामान आणि सगळ्यांत कमी हौस, असा हा पेच आहे. म्हणून आपल्याकडे गोलरक्षक बहुतेकदा ‘उरलेली’ मुलगी होते, आणि पदक मात्र तिच्याच हाती असतं.

सरांना मात्र टर्फची काळजी तेवढी नव्हती. प्रबोधिनीच्या निवडीच्या शारीरिक कसोट्यांत स्टिक लागतच नाही, हे त्यांनी माझ्या लक्षात आणून दिलं. तीस मीटर धावणं, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल फेकणं, शटल रन, आठशे मीटर. यात आमच्या मुली कुठे कमी पडतात? मघाची ती नववीतली तर नाहीच. पण तिला उशीर झालाय, सर म्हणाले, हे सगळं पाचवी-सहावीत व्हायला हवं होतं. त्या वयाची एक मुलगी त्यांनी हेरून ठेवली आहे, तिची आठशे मीटरची वेळ वहीत लिहून ठेवली आहे. तिच्या आईबापांकडे ते दोनदा जाऊन आले. वडील खेळाला हो म्हणतात, पुण्याच्या होस्टेलला नाही. आईचा प्रश्न वेगळा होता: तिथे तिच्याबरोबर गावातली आणखी एखादी असेल का? सर आता दुसरी मुलगी शोधत आहेत.