लाल ठिपक्याची पुडी

मराठी घराला पुनर्वापर कुणी शिकवावा लागला नाही. दुधाची पिशवी धुऊन नळाला वाळत घालायची, महिन्याची रद्दी सुतळीने बांधून ठेवायची, भंगारवाल्याच्या तागडीवर डोळा ठेवून किलोमागे रुपया-दोन रुपयांची घासाघीस करायची, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची. यासाठी ना कायदा होता, ना दंड. ज्याला मोल होते ते कचऱ्यात जातच नव्हते. खरी अडचण आली ती ज्याला कुणी दमडी देणार नाही अशा वस्तूंची: ताटातले खरकटे, बाळाचे डायपर, वेफर्सचे चकचकीत पाकीट, आजोबांच्या इन्शुलिनची सुई. कचरा वेगळा करण्याची सक्ती आली ती मुख्यतः या बिनमोलाच्या वस्तूंसाठी, आणि ती जिथे अडते तेही याच वस्तूंपाशी.

देशात घनकचऱ्याचे पहिले नियम 2000 साली आले. त्यांचा भर महापालिकांनी काय करावे यावर होता. एप्रिल 2016 मध्ये आलेल्या नव्या नियमांनी ज्याच्या घरात किंवा दुकानात कचरा तयार होतो त्याच्यावरच जबाबदारी टाकली. कचऱ्याचे तीन भाग करायचे होते: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. तो रस्त्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्या व संस्था आणि हॉटेले यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा होता. दिवसाला सरासरी शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याला नियमांनी ‘मोठा कचरा उत्पादक’ असे नाव दिले. एक कलम तर बहुतेकांच्या गावीही नसेल. परवाना नसलेल्या जागेत शंभराहून अधिक माणसे जमवायची असतील तर तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे आणि तिथला कचरा वेगळा करून द्यायचा. शंभर माणसे म्हणजे आपल्याकडे साधा साखरपुडा!

पुण्याला हे धडे नियम येण्याआधीच मिळू लागले होते, आणि ते शहराने नव्हे तर शेजारच्या गावांनी दिले. उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथे नव्वदच्या दशकापासून शहराचा कचरा जात राहिला. विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधी आणि माश्या घरात आल्या, डेपोला आगी लागल्या. 2017 च्या उन्हाळ्यात अशाच एका आगीनंतर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहराच्या पेठांतून कचऱ्याचे ढीग साचले. तोवर ‘घराबाहेर गेला म्हणजे गेला’ असे वाटणारा कचरा पुणेकरांना पुन्हा दारात दिसला.

डेपोला आग लागते ती बहुतेकदा कुणी काडी लावल्याने, असा समज आहे. काडी लागतही असेल. पण पेट घ्यायला लागणारा वायू आपल्या स्वयंपाकघरातून गेलेला असतो. भाजीचे देठ आणि उरलेला भात ढिगाखाली दाबला गेला की तिथे हवा पोहोचत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. वर प्लास्टिक असतेच, ते धुमसत राहते. जानेवारी 2016 मध्ये मुंबईच्या देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. दुसरीकडे कुजलेल्या ढिगातून झिरपणारा काळा रस बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगांचे डबे यांतले जड धातू सोबत घेऊन जमिनीत उतरतो.

हाच भात आणि हेच देठ वेगळे राहिले तर गोष्ट अगदी निराळी होते. खतासाठी कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण 25 ते 30 ला एक असे लागते. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी जास्त, वाळलेल्या पानांत कार्बन जास्त. दोन्ही थर एकावर एक पडले, हवा खेळती राहिली, की ढीग आपोआप 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो आणि बरेचसे रोगजंतू त्या उष्णतेत मरतात. अनेक सोसायट्यांच्या खतखड्ड्याला वास येतो, रहिवासी तक्रार करतात आणि खड्डा बंद पडतो. कारण बहुधा एकच असते: खड्डा फार ओला आहे, त्यात हवा नाही. उपाय म्हणजे पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा. गंमत अशी, की त्याच सोसायटीचा माळी हिवाळ्यात तोच पालापाचोळा कोपऱ्यात पेटवत असतो. ते नियमांत बसत नाही, शिवाय दम्याच्या रुग्णाला तो धूर सोसत नाही.

ओले आणि सुके एकदा मिसळले की पुन्हा सुटे करता येत नाही, ही गोष्ट अजून फार जणांना पटलेली नाही. ‘पुढे मशीन असेलच की’ असे सर्रास ऐकू येते. आमटी लागलेला कागद गिरणी घेत नाही. काचेचे तुकडे आणि बॅटऱ्या मिसळलेल्या कचऱ्याचे खत शेतकरी घेत नाही, आणि घेऊही नये. कचरा जाळून वीज करावी म्हटले तर नियमांनीच त्यासाठी किलोमागे 1500 किलोकॅलरी उष्मांकाचा निकष ठेवला आहे. निम्म्याच्या आसपास ओलावा असलेला मिश्र कचरा तिथवर पोहोचता पोहोचत नाही. म्हणजे सिंकखालच्या डब्यात झालेली चूक पुढे कितीही कोटी खर्चून दुरुस्त होत नाही.

सक्तीचा कायदा आणखीही शहरांत आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोने 2009 मध्ये प्रत्येक घराला आणि धंद्याला कचऱ्याचे तीन डबे बंधनकारक केले. दक्षिण कोरियाने 2005 पासून खरकटे थेट कचराभूमीत टाकण्यास मनाई केली आणि 2013 पासून ते वजनावर मोजून पैसे घ्यायला सुरुवात केली. सोलमधल्या अनेक वसाहतींत तर कार्ड दाखवल्यावरच डब्याचे झाकण उघडते. या सगळ्यात समान सूत्र एक आहे. कुणाच्या घरून काय आले ते कळल्याशिवाय सक्तीला अर्थ नसतो. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक कुंडीतली काळी पिशवी कुणाची, हे महापालिकेचा निरीक्षक सांगू शकत नाही. मग दंड कुणाला करणार?

पुण्यात हे काम कार्ड वाचणाऱ्या यंत्राऐवजी माणसे करतात. 1993 साली इथल्या कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिने दारोदारचा कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेशी करार केला. तीन हजारांहून अधिक सभासद, त्यांत बहुसंख्य बायका. घरटी दरमहा मिळणारे शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, अशी त्यांची मिळकत. या रचनेत एक साधी हुशारी आहे. कचरा मिसळलेला असला तर दारात उभ्या असलेल्या बाईंचे त्याच दिवशी नुकसान होते. त्यामुळे ‘ताई, ओला वेगळा द्या’ हे वाक्य त्या सरकारी सूचना म्हणून म्हणत नाहीत. आणि कुठल्या घरातून काय येते हे त्यांना पाठ असते.

पण किंमत मोजतात त्याही त्याच. ओले-सुके बऱ्याच घरांत आता अंगवळणी पडले आहे. अडते ते तिसऱ्या भागापाशी, कारण तो लाजेचा आणि आजाराचा कचरा आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर यांत प्लास्टिकचा थर आणि कित्येक पट पाणी शोषणारे पॉलिमर असते. त्याचे खत होत नाही, आणि गोळा करून पुन्हा वापरण्याची सोय सहजी नाही. शौचालयात टाकले तर ड्रेनेज तुंबते आणि ते मोकळे करायला पुन्हा कुणी माणूसच लागतो. वसतिगृहांत बसवलेल्या छोट्या विजेच्या भट्ट्यांत जाळावे, तर पुरेसे तापमान मिळाले नाही की विषारी वायू तयार होण्याचा धोका. दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी भट्टीच्या दुसऱ्या कक्षात 1050 अंशांच्या आसपास तापमान बंधनकारक आहे ते याच कारणाने.

वर्षानुवर्षे हे पॅड उघडेच, फार तर पातळ पिशवीत येत. सुका कचरा निवडणाऱ्या बायकांच्या हाताला ते लागत. नियमांनी उत्पादकांना पाकिटाबरोबर वेष्टन द्यायला सांगितले. ते मिळत नाही म्हणून पुण्यातल्या कचरावेचकांनी एकदा वापरलेल्या पॅडची पोती कंपन्यांकडे परत पाठवली होती. निषेधाची ही पद्धत सभ्य नसेल, मुद्देसूद नक्की होती. पुढे आली ती लाल ठिपक्याची कल्पना. पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचे, वर लाल पेनाने ठळक ठिपका काढायचा आणि ती पुडी वेगळी द्यायची. खर्च शून्य. ठिपका दिसला की हात आत जात नाही, एवढेच त्याचे काम. डायपर गुंडाळण्याआधी त्यातली शी शौचालयात टाकणे हेही तितकेच गरजेचे आहे. बाळाची असली तरी तिच्यात पोटाच्या आजारांचे जंतू असतात. घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतील तर त्यांच्या डायपरनाही हेच लागू.

सुईचे प्रकरण अधिक गंभीर आहे, आणि कायद्यातली एक विसंगती तिथे उघडी पडते. डॉक्टरने दवाखान्यात इंजेक्शन दिले की ती सुई वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत येते. ती न भोसकणाऱ्या, पांढऱ्या पारदर्शक डब्यात जाते आणि तिचा हिशेब ठेवावा लागतो. तीच सुई मधुमेही माणसाने घरी वापरली की 2016 च्या नियमांनुसार ती ‘घरगुती घातक कचरा’ ठरली, आणि प्रत्यक्षात दुधाच्या पिशवीतून सुक्या कचऱ्यात जाते. घरातला असा कचरा स्वीकारायला दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असे 2016 च्या नियमांत लिहिले होते. आपल्या भागातले केंद्र कुठे, हे किती पुणेकर चटकन सांगू शकतील?

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून धोक्याचा अंदाज येतो. बाधित व्यक्तीच्या रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस ‘ब’ होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. हिपॅटायटिस ‘क’ची दोन टक्क्यांच्या आसपास, एचआयव्हीची हजारात तीन. इन्शुलिनची सुई बारीक असते, त्वचेखालीच जाते, त्यामुळे तिचा धोका याहून कमी. पण कचरा निवडणाऱ्या बाईंना बोटात घुसलेली सुई कुणाची आणि कशाची हे कळायला मार्ग नसतो. शिवाय हिपॅटायटिस ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये आणि लगेच रुग्णालय गाठावे; एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात, जितक्या लवकर तितके चांगले. हिपॅटायटिस ‘ब’ची लस मात्र टोचण्याची वाट न पाहता आधीच देता येते, आणि कचऱ्यात हात घालणाऱ्या प्रत्येकाला ती मिळायला हवी. हातमोजे सुई अडवत नाहीत.

धंदेवाल्यांचेही असेच. हॉटेलचे खरकटे डोळ्यांत भरते म्हणून त्यावर चर्चा होते. केशकर्तनालयातली ब्लेड, गॅरेजमधले तेलकट बोळे, फुटलेल्या ट्यूबलाइटमधला पारा यांची चर्चा होत नाही. वर्तमानपत्रात न गुंडाळता टाकलेले एक ब्लेड शंभर किलो खरकट्यापेक्षा जास्त इजा करू शकते, पण शंभर किलोच्या व्याख्येत ते कुठे बसतच नाही.

घरी इन्शुलिन घेणाऱ्यांनी जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली त्यासाठी वेगळी ठेवावी. पाण्याची पातळ बाटली नको. ती दाबली जाते आणि सुई बाहेर येते. सुई वापरून झाली की सुटी इकडेतिकडे न ठेवता थेट बाटलीत टाकावी. तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने पक्के करावे आणि बाटली महापालिकेच्या केंद्रात किंवा घेत असतील तर आपल्या डॉक्टरांकडे द्यावी. ते जमेपर्यंत ती सुक्या कचऱ्याच्या पिशवीत लपवून देऊ नये. वर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ लिहावे, शेजारी लाल ठिपका काढावा, कारण घेणाऱ्या बाईंना वाचता येत असेलच असे नाही, आणि हातात देताना तोंडाने सांगावे.