श्रावणात डोळे, शिमग्यात वाळकं पान

श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या दर्शनाला गेलात, तर तांदळाच्या पिंडी डोळे भरून बघाच. मग मांडवी नदीकाठच्या झाडीत दिवेलागणीपर्यंत थांबा. पायाजवळून एक तपकिरी फुलपाखरू भिरभिरत उठेल आणि चार पावलांवर पाचोळ्यात गुडूप होईल. हे ‘इव्हनिंग ब्राउन’. इतर फुलपाखरं विसाव्याला गेली की याचा दिवस सुरू होतो. दिव्यावर आलं की लोक पतंग समजून हाकलतात!

खरी कमाल त्याच्या पोशाखाची. पावसाळी पिढीच्या पंखांखाली डोळ्यांची रांग असते: पिवळं कडं, काळं बुबुळ, मधोमध पांढरा ठिपका. शत्रूचा घाव या खोट्या डोळ्यांवर बसला, तर पंखाची कड फाटते, जीव वाचतो. पाऊस सरला की पुढच्या पिढीत हे डोळे जवळजवळ पुसले जातात. आता पंख म्हणजे हुबेहूब वाळकं पान, मधल्या शिरेसकट, बुरशीच्या डागांसकट. पानाला असतं तसं टोकसुद्धा येतं! त्यातही कुणी विटकरी, कुणी राखी, कुणी करडं. दोन सारखी सापडणं मुश्कील. डोळ्यांचा पोशाख की वाळक्या पानाचा, हे मुख्यतः अळी वाढताना हवा किती उबदार त्यावर ठरतं.

अळीही देखणी. अंग हिरवंगार, डोक्यावर दोन शिंगं. खाणं गवताची पानं, आणि भाताचीही. पिंडीचा तांदूळ ज्या पिकाचा, त्याच पिकावर ही वाढते. नुकसान सहसा किरकोळच.

मोठं झाल्यावर मात्र फुलांकडे फारसं फिरकत नाही. गळून आंबलेला आंबा किंवा झाडाचा पाझरता रस मिळाला की स्वारी खूश. पाय सहा, पण पुढचे दोन आखूड, छातीशी मुडपलेले. चालणं चारांवरच.

1758 मध्ये लिनियसने याला ग्रीक पुराणातल्या लीडा राणीचं नाव दिलं. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत याचा वावर आहे, आणि आपल्या परसातही.

म्हणून एक विनंती. शिमग्याच्या सुमारास झाडाखालचा पाला गोळा करून काडी लावण्याआधी तो काठीने हलकेच हलवा. त्यातलं एखादं पान उडून जाईल.