स्टिअरिंग का थरथरते?

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळहून नागोठण्याकडे जाताना कासू लागते. या भागातले खड्डे अनेक पावसाळे गाजले. जुना ट्रक खड्ड्यात आदळला, की कधीकधी स्टिअरिंग जोराने डावी-उजवीकडे हलू लागते आणि खड्डा मागे पडला तरी थांबत नाही. असे का होते?

खड्डा फक्त पहिला धक्का देतो. पुढची ऊर्जा ट्रकच्या गतीतूनच मिळते. तिरके झालेले चाक टायरवरील बलामुळे परत फिरते, पण मध्यावर न थांबता पलीकडे जाते. किंगपिनचे बुश किंवा टायरॉडचे सांधे झिजलेले असतील, तर हे दोलन विरत नाही, वाढते.

असंतुलित चाकाचे कंपन वेगळे. 1 मीटर व्यासाचे चाक ताशी 60 किलोमीटर वेगाला सेकंदात पाचाहून थोडे अधिक फेरे घेते आणि तितकेच धक्के देते. हे कंपन सपाट रस्त्यावरही ठराविक वेगालाच जाणवते.

दोष शोधण्यासाठी मागील चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे व वर-खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास दुसऱ्याने ब्रेक दाबावा. ढिलेपणा गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर बहुधा किंगपिनचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टायरॉडचे सांधे तपासता येतात.

नियमित ग्रीस, दोन्ही टायरांत योग्य हवा आणि झिजलेले भाग वेळीच बदलणे, हाच प्रतिबंध. रस्त्यात थरथर सुरू झालीच, तर स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू कमी करावा. मात्र मनगटाच्या जोरावर झीज भरून निघत नाही.