परदेशी पागेतील नोकरी : आधी सेवा, मग स्वारी

कृष्णा व तारळी यांच्या संगमावर वसलेल्या उंब्रजच्या परिसराला घोडा अपरिचित नाही. जवळच्याच पाल येथील खंडोबाचे वाहन घोडाच होय. परंतु घोड्याला हात जोडणे निराळे आणि त्याची निगा राखून पोट भरणे निराळे. आखाती देशांतील पागांत व उंटांच्या कळपांवर काम करण्यासाठी भारतातून माणसे जातात. अशा नोकरीचा विचार करणाऱ्या तरुणांनी या दोन प्राण्यांची आणि आपल्या हक्कांची ओळख आधीच करून घेणे हिताचे आहे.

मराठेशाहीत स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. सांडणीस्वार तातडीचे निरोप नेत असत. परदेशी पागेत जाणारा तरुण बारगीरच असतो. जनावर दुसऱ्याचे, जबाबदारी मात्र त्याची.

घोड्याची निगा

घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे चुकीच्या खाण्याने उठलेला पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. वैरण व चंदी थोडी थोडी, ठरलेल्या वेळी द्यावी आणि त्यात एकाएकी बदल करू नये. मोठ्या घोड्याला दिवसाला सुमारे २५ ते ४५ लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. रोज खरारा करावा, खुरातील माती व खडे काढावेत आणि साधारण ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावेत. थेट मागचे घोड्याला दिसत नाही. म्हणून आवाज देत, खांद्याच्या बाजूने जवळ जावे. स्वारी डाव्या बाजूने करण्याची रीत आहे. तत्पूर्वी खोगिराचा तंग तपासावा.

उंटाची रीत वेगळी

उंटाच्या मदारीत पाणी नव्हे, चरबी असते. तहानलेला उंट १० ते १५ मिनिटांत सुमारे १०० लिटर पाणी पिऊ शकतो. म्हणून त्याला पाण्याची गरज नाही, असे समजू नये. बसलेला उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो आणि स्वार पुढे फेकला जातो. अशा वेळी मागे रेलून खोगीर घट्ट धरावे. बसताना तो पुढचे पाय आधी दुमडतो, तेव्हाही तसेच करावे. एका बाजूचे दोन्ही पाय तो एकदम टाकतो, त्यामुळे त्याची चाल डुलती असते. अंग ताठ न ठेवता त्या चालीबरोबर झुलू द्यावे. माजावर आलेला नर तोंडातून फेस काढतो व चावतो. नवशिक्याने त्याच्यापासून दूर राहावे.

२०१२ मध्ये आढळलेला ‘मर्स’ हा श्वसनाचा रोग उंटांपासून माणसास होऊ शकतो. कच्चे दूध पिऊ नये, जनावर हाताळल्यावर हात धुवावेत आणि ताप व खोकला आल्यास डॉक्टरांना आपले काम सांगावे.

करार नीट वाचा

बागकामाच्या वा घरकामाच्या नावाखाली नेऊन ओसाड वाळवंटात जनावरे राखावयास लावल्याच्या तक्रारी आखातातून आलेल्या आहेत. सबब कामाचे स्वरूप, वेतन, तास, निवास व सुट्टी करारात स्पष्ट असावी. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने भरती करणाऱ्या मध्यस्थास नोंदणी बंधनकारक केली. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ प्रणालीवर ती नोंदणी पडताळता येते. पर्यटक व्हिसावर नोकरीस जाऊ नये. पारपत्र व कराराची प्रत घरी ठेवावी आणि भारतीय दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक पाठ करावा.

शिकण्याची सोय

शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. जनावरांच्या आजारांविषयी तेथील जाणकारांना विचारता येईल. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथील यात्रांच्या बाजारांत अनुभवी घोडेवाले भेटतात. तेथे चार दिवस खरारा करून पाहावा. मुक्या जनावराचा कल ओळखणारा माणूस परमुलखात लवकर उपयोगी ठरतो आणि करार वाचून निघालेला माणूस सुखरूप घरी परततो.