चीनमध्ये नववर्षाला आई-वडीलच मुलांकडे शहरात का जाऊ लागलेत?

गणपतीला मुंबईहून कोकणात निघालेल्या गाड्यांची गर्दी आपल्याला नवीन नाही. हीच गर्दी सलग ४० दिवस, तीही अख्ख्या देशात असेल तर काय होईल? चीनमध्ये दरवर्षी चांद्र नववर्षाला, म्हणजेच वसंतोत्सवाला, हे घडतं. ही तिथली सर्वात मोठी राष्ट्रीय सुट्टी. कारखाने थांबतात, बांधकामं बंद होतात आणि शहरात कामाला असलेली माणसं गावची वाट धरतात.

पण गेल्या काही वर्षांत या गर्दीत काही लोक उलट्या दिशेनं जाताना दिसू लागलेत. गावाकडचे वयस्कर आई-वडील सणासाठी मुलांकडे शहरात निघालेले असतात. चीनमध्ये याला 'उलटं चुनयुन' म्हणतात. हे का होतंय आणि त्यातून काय कळतं?

मुळात 'चुनयुन' म्हणजे काय?

चुनयुन म्हणजे वसंतोत्सवाची वाहतूक. नववर्षाच्या १५ दिवस आधी ती सुरू होते आणि नंतर २५ दिवस चालते. नववर्षाची तारीख चांद्र पंचांगावर ठरत असल्यामुळे ती दरवर्षी बदलते. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात ती कधीही येते.

२०२५ मध्ये या ४० दिवसांत सुमारे ९०० कोटी प्रवासफेऱ्या झाल्याचं चीन सरकारचे आकडे सांगतात. यात प्रत्येक फेरी वेगळी मोजली जाते आणि बहुतेक फेऱ्या स्वतःच्या गाडीनं रस्त्यावरून केलेल्या असतात. एकट्या रेल्वेचा वाटा ५१ कोटींच्या आसपास होता.

ही सगळी धडपड एका जेवणासाठी असते. नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं कुटुंब एकत्र जेवतं. उत्तर चीनमध्ये त्या रात्री डंपलिंग करतात. बऱ्याच घरांत अख्खा मासा शिजवतात, कारण चिनी भाषेत 'मासा' आणि 'शिल्लक उरणं' या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच आहे. मुलांना लाल पाकिटात पैसे मिळतात. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी जातात.

माणसं घरापासून इतकी लांब गेली कशी?

याचं उत्तर 'हुकोऊ' या पद्धतीत आहे. १९५८ च्या कायद्यानुसार चीनमध्ये प्रत्येक कुटुंबाची नोंद एका ठिकाणी होते. त्या नोंदीवर सरकारी सोयी ठरतात. १९७८ नंतर आर्थिक सुधारणा झाल्या, किनाऱ्यावरच्या शहरांत कारखाने आले आणि गावातली तरुण मंडळी तिकडे गेली. माणूस शहरात आला, पण त्याची नोंद गावातच राहिली.

आज चीनमध्ये ग्रामीण भागातले सुमारे ३० कोटी स्थलांतरित कामगार आहेत. त्यातले १७ कोटींहून अधिक जण आपला परिसर सोडून बाहेर राहतात. लहान शहरांनी नोंदणीचे नियम बरेच सैल केलेत, पण बीजिंग आणि शांघायमध्ये ते अजूनही कडक आहेत. मुलांना शहरातल्या सरकारी शाळेत घालायचं तर कागदपत्रांची लांबलचक यादी पुरी करावी लागते. कॉलेज प्रवेशाची परीक्षा तर सहसा नोंद असलेल्या प्रांतातच द्यावी लागते.

म्हणून अनेकांची मुलं गावी आजी-आजोबांकडेच वाढतात. अशा आई-वडिलांसाठी नववर्ष म्हणजे वर्षातून एकदा मुलांना भेटायची संधी. २००८ मध्ये ऐन सणाच्या तोंडावर प्रचंड बर्फ पडला आणि लाखो लोक अडकले. ग्वांगझू स्टेशनबाहेर माणसं दिवसचे दिवस थांबून होती. तेव्हाचे पंतप्रधान वेन जिआबाओ यांनी स्टेशनवर जाऊन प्रवाशांची माफी मागितली होती.

मग दिशा का बदलली?

पहिलं कारण रेल्वे. बीजिंग ते तिआनजिन हा ताशी ३५० किलोमीटर वेगाचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. २०२४ च्या अखेरीस हायस्पीड रेल्वेचं जाळं ४८ हजार किलोमीटरवर पोहोचलं. पूर्वी रात्रभर उभं राहून करावा लागणारा प्रवास आता काही तासांत बसून होतो. वयस्कर माणसांनाही तो झेपतो.

दुसरं कारण तिकीट. सणाआधी शहरातून गावाकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात, तर शहराकडे येणाऱ्या गाड्यांत जागा असते. उलट्या दिशेच्या काही गाड्यांवर रेल्वेनं सवलतही दिलीय.

तिसरं कारण घरातलं आहे. अनेक दशकं चाललेल्या 'एक मूल' धोरणामुळे आज कितीतरी जोडप्यांत नवराही एकुलता एक आणि बायकोही एकुलती एक. आदल्या रात्रीचं जेवण एकच असतं. ते कोणाच्या आई-वडिलांकडे करायचं, यावरून दरवर्षी वाद होतात. दोन्हीकडच्यांना शहरात बोलावलं की हा प्रश्न सुटतो. शिवाय सुट्टी साधारण आठवडाभराचीच. तिचे काही दिवस आधी-नंतरच्या शनिवार-रविवारी काम करून भरून द्यावे लागतात. गावी जाण्या-येण्यात त्यातले दोन दिवस सहज जातात.

पण हे सगळ्यांना जमतं का?

खरा मुद्दा इथेच आहे. आई-वडिलांना बोलवायचं तर आधी शहरात घर हवं. नोकरीत स्थिरावलेल्या आणि फ्लॅट घेतलेल्या मुलांकडे ते येतात. कारखान्याच्या वसतिगृहात एका खोलीत सात-आठ जणांसोबत राहणारा कामगार कोणाला बोलावणार? त्याला आजही गावीच जावं लागतं. त्यामुळे शहर कोणाचं झालं आणि कोणाचं नाही, हे सणाच्या दिवसांत प्रवासाच्या दिशेवरूनही कळतं.

जे येतात त्यांचंही सगळं मनासारखं होतं असं नाही. पूर्वजांच्या कबरी गावात असतात. ओळखीचे शेजारी गावात असतात. अनेक शहरांत फटाक्यांवर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. मुलगा कामावर परतला की फ्लॅटमध्ये दिवसभर बोलायला कोणी नसतं. बरेच आई-वडील सुट्टी संपली की लगेच परततात.

२०१३ मध्ये चीनमध्ये वृद्धांच्या हक्कांचा सुधारित कायदा लागू झाला. वेगळं राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना वरचेवर भेटावं किंवा त्यांची विचारपूस करावी, असं आता कायद्यातच लिहिलेलं आहे. पण भेट व्हायची तर मुलाला रजा मिळायला हवी आणि आई-वडिलांना उतरायला जागा हवी. या दोन गोष्टी कायद्याच्या एका कलमानं मिळत नाहीत. तोवर कोट्यवधी कुटुंबांसाठी वर्षभराची भेट नववर्षाच्या आठवड्यावरच अवलंबून राहणार. फरक इतकाच की पूर्वी प्रवास फक्त मुलं करायची, आता काही घरांत तो आई-वडील करतात.