कमी खर्चातील लघुपट आणि प्रेक्षकांची पवारणा

वर्षावासाच्या समाप्तीला, आश्विन पौर्णिमेस, भिक्खुसंघात पवारणेचा विधी होतो. तीन महिने एकत्र राहिलेला प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून विनंती करतो की, माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर कृपा करून सांगावे. संयुत्त निकायातील पवारणा सुत्तानुसार श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः तथागतांनीही जमलेल्या भिक्खूंना, माझ्या वागण्यात काही गैर दिसले काय, असे विचारले होते. लघुपटाच्या लेखात या विधीची आठवण कशासाठी, असे वाचकांना वाटेल. परंतु आमच्या विद्यार्थ्यांनी इतवारीत एक लहानसा लघुपट तयार केला, तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा हीच शिकवण आमच्या अधिक उपयोगी पडली.

लघुपट म्हणजे श्रीमंतांचे काम, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळावे म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल कसा वाढतो ते थोडे थोडे करून टिपले. 'अंकुराची वाढ' हा जेमतेम मिनिटभराचा चित्रपट भांडवल देऊ शकणाऱ्या मंडळींना दाखवला गेला, त्यांचा विश्वास बसला आणि मगच पुढचे काम उभे राहिले. आपल्या काळातील उदाहरण नागराज मंजुळे यांचे. तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, शिक्षण घेत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' (२००९) केला. शाळेची ओढ असलेल्या एका वंचित मुलाच्या या कथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनीच आपल्या नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉलवर 'झुंड' (२०२२) काढला. सांगण्यासारखे आपल्या वस्तीतच आहे, हा यातून घ्यावयाचा बोध.

आमच्या विद्यार्थ्यांनी दहा मिनिटांची कथा लिहिली. इतवारीतील एका हमालाचा पाय दुखावतो. दहावीतील मुलगी शाळा बुडवून आईसोबत धान्य निवडायला जाते. शेवटी ती पुन्हा शाळेत जाते. लिहिलेले एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा हिशेब धरून संहिता दहा पानांत बसवली. पात्रे वस्तीतलीच, कॅमेरा मोबाईलचा. मेमरी कार्ड, कॉलरला लावायचा वायरचा माईक, ऑटोभाडे आणि दोन दिवसांचा चहा-नाश्ता मिळून खर्च ४,००० रुपयांच्या आत राहिला. संकलनासाठी संगणकावर विनामूल्य मिळणारे 'डाव्हिन्ची रिझॉल्व्ह' वापरले.

ज्यांना असे काम करावयाचे आहे त्यांच्यासाठी काही अनुभवाच्या गोष्टी येथे नमूद करतो. इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत ऊन थोडाच वेळ उतरते; म्हणून वेळ आधी पाहून ठेवावी आणि सावलीतील चेहऱ्यावर उजेड पाडण्यास थर्माकोलचा पांढरा पत्रा वापरावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकते; सेकंदाला २५ चित्रे आणि शटर १/५० ठेवल्यास हा दोष बहुधा जातो. बाजार उघडला की ठेल्यांच्या आणि गाड्यांच्या आवाजात संवाद बुडतात. म्हणून संवादाची दृश्ये दुकाने उघडण्यापूर्वी घ्यावीत आणि बाजाराचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून नंतर मिसळावा. मोबाईल विमान-मोडवर ठेवावा, अन्यथा ऐन दृश्यात फोन येतो. चित्रीकरण त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून ठेवावे. दुकानदाराची व लहान मुलांच्या पालकांची संमती घ्यावी. रेल्वे स्थानकात परवानगीवाचून चित्रीकरण करू नये. तसेच कोणाचेही गाणे, मग ते भीमगीत का असेना, हक्कदाराला विचारल्याशिवाय वापरू नये.

इतके केले म्हणजे लघुपट पूर्ण झाला असे आम्हालाही वाटले होते. ज्या पेठेच्या नावातच रविवार आहे, तेथील लोकांना रविवारचेच बोलवावे म्हणून वंदनेनंतर विहारात खेळ ठेवला. १५ माणसे आली. त्यांत हमाल होते, धान्य निवडणाऱ्या बाया होत्या, शिक्षक होते, शाळकरी मुले होती. खेळ संपताच टाळ्या झाल्या. "कसा वाटला?" असे आम्ही विचारले. "छान आहे," सर्वांनी सांगितले. आम्ही समाधानाने घरी जाणार, तोच एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "पोट्टीची शाळा सुटली न बाप्पा, लय वाईट वाटलं."

आम्ही चपापलो. आमच्या कथेत तर मुलगी शाळेत परत गेली होती! शेवटच्या दृश्यात भिंतीवरची रिकामी खुंटी दाखवली होती. दप्तर नाही, म्हणजे ती शाळेत गेली, असा आमचा अर्थ. इतरांना विचारले तेव्हा कळले की निम्म्याहून अधिक लोकांनी दप्तर विकले किंवा कोणाला देऊन टाकले असाच अर्थ घेतला होता. ज्या समाजाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिकण्याचा पहिला मंत्र दिला, त्या समाजापुढे आम्ही नकळत 'शेवटी पोरगी हरली' असे सांगणारा लघुपट ठेवत होतो. आणि टाळ्यांवर विसंबलो असतो तर तोच पुढे गावोगाव दाखवला असता.

पुढच्या रविवारी आम्ही पद्धत बदलली. 'कसा वाटला' हा प्रश्नच काढून टाकला, कारण आपल्या पोरांनी केलेल्या कामाला कोणी वाईट म्हणत नाही. त्याऐवजी चार प्रश्न ठेवले. कथेत काय घडले ते आपल्या शब्दांत सांगा. कोठे कंटाळा आला? काय ऐकू आले नाही किंवा समजले नाही? काय खोटे वाटले? ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ एकेक विद्यार्थी बसला आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत उतरवून घेतले. मान्यवरांना शेवटी बोलण्याची विनंती केली. ते आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच मताला मान डोलावतात. लघुपट करणाऱ्यांनी मागे बसावे, लोकांचे लक्ष कोणत्या मिनिटाला उडते ते टिपावे आणि कोणी चूक दाखवली तर खुलासा करू नये, असा नियम केला. हा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले. परंतु लघुपट दुसऱ्या गावी जाईल तेव्हा खुलासा करायला आपण तेथे नसतो.

त्या दिवशी एका हमालाने सांगितले, "भरलेलं पोतं घेऊन माणूस असा ताठ चालत नाही. त्यात भुसा भरला हाय." ते खरेच होते! ते दृश्य पुन्हा घेतले, या वेळी त्यांनाच उभे करून. एका भगिनीने विचारले की मुलगी सारखी रडतेच का? आम्ही दोन ठिकाणचे रडणे काढले आणि लघुपट अधिक परिणामकारक झाला.

मात्र प्रत्येक सूचना स्वीकारावी असेही नाही. शेवटी शिक्षणावर भाषण जोडा, अशी एक सूचना आली. भाव चांगला होता. पण कथेतून जे कळते ते पुन्हा सांगण्याची गरज आम्हाला वाटली नाही. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की कोणी सांगितले म्हणून, सांगणारा थोर आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. म्हणून अभिप्रायांचे आम्ही तीन भाग केले. न समजणे व खोटे वाटणे हे दोन दोष दूर केलेच पाहिजेत. आवडीनिवडीचे अभिप्राय मात्र विचार करून घ्यावेत किंवा सोडावेत. एकच गोष्ट तिघांनी वेगवेगळी सांगितली, तर ती आवड नसून दोष आहे असे समजावे.

खुंटीच्या दृश्यानंतर दप्तर पाठीला लावून शाळेच्या फाटकातून आत जाणारी मुलगी, एवढे ६ सेकंदांचे दृश्य आम्ही वाढवले. त्यास ऑटोभाड्याव्यतिरिक्त खर्च आला नाही. तिसऱ्या खेळाला त्या आजी पुन्हा आल्या होत्या. कथेत काय झाले असे विचारताच म्हणाल्या, "गेली न शाळेत!"

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या विहारात, वस्तीत एखादा विद्यार्थी लघुपट घेऊन आला तर केवळ 'छान आहे' म्हणून उठू नये. काय दिसले, काय कळले नाही, ते मोकळेपणाने सांगावे. आणि विद्यार्थ्यांनी ते हात जोडून ऐकावे. दोष दाखवणारा आपला वैरी नसतो, हे पवारणेने आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच शिकवून ठेवले आहे.

भवतु सब्ब मंगलं!